‘दोन इंच पाणी’ म्हणजे नेमके किती?

प्रश्न: नव्या बोअरला दोन इंच पाणी लागले, असे बोअरवाले सांगतात. त्यावर किती ठिबक चालेल?

उत्तर: इंचावरून क्षेत्र ठरवू नका. हे दोन इंच कशाचे, हे आधी विचारा. पाइपाचा व्यास सांगत असतील, तर वेग कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही. ९० अंशांच्या व्ही नॉचवर (पत्र्यात कापलेली इंग्रजी ‘V’ आकाराची खाच, जिच्यातून पाणी वाहू देतात) मोजलेली पाण्याची उंची असेल, तर २ इंच म्हणजे तासाला सुमारे २,९०० लिटर, ३ इंच म्हणजे ८,००० आणि ४ इंच म्हणजे १६,००० च्या थोडे वर. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटीहून जास्त होते. म्हणून अर्ध्या इंचाची चूकही महागात पडते.

स्वतः मोजायचे तर २०० लिटरचा ड्रम आणि मोबाइलमधले घड्याळ पुरते. ड्रमवरच्या आकड्यावर विसंबू नका. मापाच्या बादलीने पाणी ओतून २०० लिटरला आतून खूण करा. १५ लिटरच्या बादलीने मोजण्यात अर्थ नाही, कारण ती चार सेकंदांत भरते आणि सेकंदाची चूक पाव हिस्सा बिघडवते. ड्रम ४८ सेकंदांत भरला, तर २०० भागिले ४८ गुणिले ३,६००, म्हणजे तासाला १५,००० लिटर. तीनदा मोजून सरासरी घ्या.

मोटार सुरू केल्या केल्या मात्र मोजू नका. साडेसहा इंची बोअरमध्ये दर मीटरला सुमारे २१ लिटर पाणी साठलेले असते. ५० मीटर उभे पाणी असेल तर हजार लिटर आयतेच मिळतात. तेवढे संपेपर्यंत ड्रम पंपाची ताकद दाखवतो, झऱ्यांची नाही. रोज जितके तास मोटार चालवणार, तितके तास चालवून दर तासाला मोजा आणि आकडा स्थिरावला की तोच धरा. तो घसरतच राहिला किंवा पाण्यात हवा येऊ लागली, तर उपसा आवकेपेक्षा जास्त आहे. अशा वेळी व्हॉल्व्ह आवळून पुन्हा मोजा. हीच मोजणी उन्हाळ्यात करून त्या आकड्यावर आखणी करा. पावसाळ्यातला आकडा फसवतो.

आणखी एक चूक हमखास होते. पाइपाचे तोंड मोकळे सोडून मोजलेले पाणी ठिबकवर मिळत नाही. फिल्टरनंतर दाबमापी आणि त्यापुढे व्हॉल्व्ह बसवा, काटा १.५ किलोवर (दर चौरस सेंटीमीटरला) येईपर्यंत व्हॉल्व्ह आवळा आणि मग ड्रम भरा. ठिबकसाठी खरा आकडा हाच.

आता हिशेब. ओळींत १.५ मीटर आणि ड्रिपरमध्ये ०.५ मीटर अंतर असेल, तर एकरी सुमारे ५,४०० ड्रिपर बसतात. ताशी ४ लिटरच्या ड्रिपरने त्यांना २१,६०० लिटर लागतील. दाबाखाली १५,००० मिळत असतील, तर एका वेळी ३,७५० ड्रिपर, म्हणजे जेमतेम २८ गुंठे चालतील. एकराचे दोन सेक्शन करून आळीपाळीने चालवा.

प्रश्न: पाटाच्या शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी कमी पडते. वाटेत किती मुरते, हे कसे कळेल?

उत्तर: पत्र्याचे दोन व्ही नॉच करा, एक पाटाच्या सुरुवातीला आणि दुसरा शेवटी. पत्रा उभा ओळंब्यात, कड धारदार, बाजूंना चिकणमाती घट्ट दाबलेली हवी. पाणी पलीकडे मोकळे पडले पाहिजे. खालचे पाणी खाचेच्या टोकाला भिडले की आकडा खोटा. पट्टी खाचेवर धरू नका, तिथे पाणी खाली वाकते. उंचीच्या किमान चौपट अंतर मागे खुंटी रोवा आणि तिचा शून्य लेव्हल पाइपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) खाचेच्या खालच्या टोकाशी जुळवा. उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन तिचा वर्ग करा, त्याला उंचीच्या वर्गमुळाने आणि मग ०.०१३८ ने गुणा. उत्तर सेकंदाला लिटरमध्ये येते.

सुरुवातीला १३ सेंमी म्हणजे ८.४ लिटर, शेवटी ११ सेंमी म्हणजे ५.५ लिटर. डोळ्यांना फरक दोनच सेंटीमीटरचा दिसतो, पण तिसरा हिस्सा पाणी वाटेतच गेलेले असते. पाट नीट भिजून प्रवाह स्थिर झाल्यावरच वाचा. इतकी गळती असेल, तर मोठ्या पंपापेक्षा पाइप टाकणे शहाणपणाचे.

प्रश्न: ठिबकच्या टोकाची झाडे सुकतात. ड्रिपर बदलावेत का?

उत्तर: आधी मोजा. चार लॅटरल (ड्रिपर बसवलेल्या नळ्या) निवडून प्रत्येकीवर सुरुवात, एक तृतीयांश, दोन तृतीयांश आणि टोक इथल्या ड्रिपरखाली तीन मिनिटे भांडे ठेवा. ४ लिटरच्या ड्रिपरने २०० मिली द्यायला हवे. सगळीकडेच कमी असेल तर फिल्टर आणि पंप पाहा. टोकालाच कमी असेल तर टोकाची बुचे काढून लॅटरल धुवा. तरीही कमीच असेल तर ती लांब पडते आहे. साध्या ड्रिपरवर दाब १ किलोवरून अर्ध्यावर आला, की पाणी सुमारे १४० मिलीवर येते. कुठेही मधूनच कमी-जास्त असेल, तर ते ड्रिपर चोंदलेले आहेत; स्वच्छ करून पाहा आणि तरीही न सुधारलेले तेवढेच बदला.