मेहसाण्याला निघालेल्या परभणीच्या पोराला

लेकरा, तेलाच्या फिल्डवर गेलास की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी म्हणेल, "पाणी सुटत नाही, डिमल्सिफायर वाढव." डिमल्सिफायर म्हणजे कच्च्या तेलात मिसळलेलं पाणी वेगळं करणारं केमिकल. ते लगेच वाढवू नकोस. आधी बाटली-चाचणी कर, म्हणजे बाटल्यांत तेलाचा नमुना घेऊन वेगवेगळा डोस टाकून बघ.

नमुना ताजाच घे, आणि जिथं केमिकल पडतं त्याच्या आधीच्या पॉइंटवरून. शिळ्या नमुन्यावरचा निकाल फसवतो. केमिकल झायलीन या द्रावकात पातळ करून १० टक्क्यांचं द्रावण करून ठेव. मग १०० मिली नमुन्याच्या बाटलीत हे द्रावण ०.०५ मिली टाकलं की ५० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ५० भाग, झाले. एक बाटली केमिकलविना ठेवायचीच, नाहीतर तुलना कशाशी करणार? प्रत्येक बाटली सारखीच हलव. फिल्डवर जे तापमान असतं, तेच वॉटर बाथमध्ये ठेव.

नुसतं किती पाणी सुटलं एवढंच बघू नकोस. पाणी नितळ आहे की तेलकट? मधला थर स्वच्छ आहे की चिखलासारखा? वरचं तेल पिपेटनं काढून सेंट्रीफ्यूजमध्ये फिरव. त्यात किती पाणी उरलंय, हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं.

पाण्याच्या थेंबांभोवती अस्फाल्टीनची, म्हणजे तेलातल्या जड घटकांची, साय धरलेली असते. ती केमिकलनं मोडते, पण डोस जास्त झाला तर कधीकधी इमल्शन, म्हणजे तेल-पाण्याचं ते मिश्रण, उलट घट्ट होतं. मेहसाण्यातल्या बलोल-संथाळ फिल्डकडचं तेल जड, तिथं उष्णतेशिवाय केमिकल एकटं फारसं काही करत नाही.

आणि झायलीन पेट घेतं, वासही बाधतो. हातमोजे घालूनच हात लाव, बाबा.