बँडमधल्या एकानं साइड प्रोजेक्ट काढला तर त्याला अडवावं का? आणि लाइव्ह अल्बम ऐकण्यात काय अर्थ आहे?

प्रश्न विचारणाऱ्यानं खाली लिहिलंय की त्याच्या बँडचा गिटारिस्ट दुसऱ्याच पोरांबरोबर काहीतरी वेगळं रेकॉर्ड करतोय, त्याला अडवू का, आणि जाता जाता असंही विचारलंय की अल्टरनेटिव्ह रॉकवाल्यांचे साइड प्रोजेक्ट आणि लाइव्ह रेकॉर्डिंग कुठून ऐकायला सुरू करू, स्टुडिओचा अल्बम असताना लाइव्ह ऐकायचंच कशाला. दुसऱ्या भागाचं उत्तर देणारे इथं ढिगानं आहेत. पहिला भाग वाचून मात्र मला राहवेना, कारण हाच प्रश्न वीस वर्षांपूर्वी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये माझ्याबद्दल निघाला होता आणि तेव्हा मला धड उत्तर देता आलं नव्हतं.

अडवू नका. का ते सांगतो.

२००४ साल. आम्ही चौघं, मी बेस गिटारवर. ड्रमरच्या काकांचं लेथचं वर्कशॉप होतं, सुट्टीच्या दिवशी ते आम्हाला मिळायचं, कटिंग ऑइलचा वास, खाली लोखंडाचा कीस, अँप एकच आणि त्यातच गिटार पण आणि बेस पण. निर्वाणा, पर्ल जॅम, साउंडगार्डन या नव्वदीतल्या अमेरिकन रॉक बँडची गाणी वाजवायचो आणि चार गाणी स्वतःची होती. त्याच वर्षी मी आमच्या गल्लीतल्या हलगीवाल्या पोरांबरोबर बसायला लागलो. हलगी आणि तिच्या साथीची वाद्यं, घुमकं, कैताळ. तालमीच्या मागं कागद पेटवून हलगी शेकायची, कातडं ताणलं की आवाज असा कडक निघतो की छातीत बसतो, गार झाली की उतरते, मग परत शेकायची, आणि तेवढ्या वेळात मी बेस सुरात लावून घ्यायचो. त्यांच्यापुढं बेस ऐकू यावा म्हणून गणपती मंडळाचा अँप्लिफायर मागून आणायचो. गाणं म्हणणारा कोणी नाही, नुसता ताल आणि बेस. त्याची आम्ही एक कॅसेट भरली. मी आजवर जे काही वाजवलंय त्यात ती कॅसेट मला सगळ्यात प्रिय आहे.

आमच्या गायकाला हे तिसऱ्याच माणसाकडनं कळलं. पुढच्या प्रॅक्टिसला त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "तू बँडात हाईस का हलगीत हाईस, एक काय ते ठरव." आणि वर म्हणाला, "साउंडगार्डनवाला असलं काय करत बसला असता का मर्दा?"

आता लिहितो ते तेव्हा सुचायला हवं होतं. साउंडगार्डनवाल्यानं हेच केलं होतं. १९९० च्या मार्चमध्ये मदर लव्ह बोन या बँडचा गायक अँड्र्यू वुड वारला, तो साउंडगार्डनचा गायक ख्रिस कॉर्नेल याचा एके काळचा रूममेट. कॉर्नेलनं त्याच्यासाठी गाणी लिहिली, वुडच्याच बँडातले स्टोन गोसार्ड आणि जेफ अमेंट, शिवाय माइक मॅक्रेडी, साउंडगार्डनचा ड्रमर मॅट कॅमेरॉन असे सगळे घेतले आणि पंधरा दिवसांत 'टेंपल ऑफ द डॉग' हा अल्बम रेकॉर्ड झाला, १९९१ ला आला. त्या अल्बमच्या प्रॅक्टिसला सॅन दिएगोहून नुकताच आलेला एक पोरगा कोपऱ्यात होता, कॉर्नेलला एका गाण्यातला खालचा सूर जमेना तेव्हा तो पुढं होऊन गायला. तो एडी वेडर. त्यातून साउंडगार्डन फुटला का? त्याच वर्षी त्यांचा 'बॅडमोटरफिंगर' आला आणि तिकडं गोसार्ड, अमेंट, मॅक्रेडी आणि वेडर यांच्या नव्या बँडचा, पर्ल जॅमचा, 'टेन' आला. एका माणसानं आपल्या बँडच्या बाहेर पाऊल टाकलं म्हणून हे झालं.

आणि हलगीचंच म्हणाल तर रेडिओहेड या ब्रिटिश बँडचा गिटारिस्ट जॉनी ग्रीनवुड २०१५ ला जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात येऊन बसला, इस्रायली संगीतकार शाय बेन त्झूर आणि राजस्थानी वादकांबरोबर 'जुनून' हा अल्बम रेकॉर्ड केला. किल्ल्यातल्या खोलीत सगळे गोल बसून वाजवतायत, त्याची फिल्म पण आहे पॉल थॉमस अँडरसननं केलेली. ग्रीनवुड त्यात कुठंही पुढं पुढं करत नाही, बाकीच्यांसारखाच एक वादक होऊन बसलाय. पुढच्या वर्षी रेडिओहेडचा नवा अल्बम आलाच. आमच्या गायकाच्या हिशेबानं हा माणूस गद्दार.

असो, खरी गोष्ट पुढं आहे. डिसेंबरात एका कॉलेजच्या गॅदरिंगला आम्हाला वीस मिनिटं मिळाली. हलगीवाली पोरं मला ऐकायला म्हणून आली होती, रॉक त्यांना काही माहीत नव्हतं. मी सेलवरचा टेपरेकॉर्डर साउंडवाल्याच्या टेबलाखाली ठेवला होता. तिसऱ्या गाण्याला लाइट गेली. बेस बंद, गिटार बंद, माइक बंद, जनरेटर सुरू व्हायला वेळ. ड्रमर थांबला नाही. आणि मग अंधारात हलगीवाल्या पोरांनी टाळ्या धरल्या, नुसत्या कौतुकाच्या नाहीत, खासबागेत कुस्ती लागल्यावर हलगी चढत जाते तशा टाळ्या, मग सगळा मंडप त्यांच्यामागं गेला. आमचा गायक माइक खाली ठेवून उघड्या गळ्यानं गायला. शेवटच्या ओळीला त्याचा आवाज फाटला. साफ फाटला, आणि त्यानं ती ओळ तरीही पुरी केली. टेप सेलवर होता म्हणून हे सगळं त्यावर आहे.

दुसऱ्या दिवशी ऐकलं तर तो म्हणाला पूस ते. मी नाही म्हणालो. मग ती ओळ तरी काप. तेही नाही म्हणालो. मार्चपर्यंत बँड संपला आणि त्यानं सगळ्यांना सांगितलं की हलगीमुळं संपला.

हलगीमुळं संपला नाही. त्या रात्री टाळ्या कुणी धरल्या होत्या?

आवाज फाटण्याबद्दल बोलायचं तर निर्वाणाचं 'एमटीव्ही अनप्लग्ड' हे लाइव्ह रेकॉर्डिंग घ्या, १८ नोव्हेंबर १९९३, न्यूयॉर्क. चौदा गाणी, सगळ्यात गाजलेलं गाणं वाजवलंच नाही, उलट मीट पपेट्स या दुसऱ्या बँडातल्या दोघा भावांना बोलावून त्यांची तीन गाणी केली. शेवटी लेडबेली या जुन्या ब्लूज गायकाचं गाणं. त्याच्या अखेरच्या ओळीत निर्वाणाचा गायक कर्ट कोबेनचा आवाज चिरकतो, तो थांबतो, श्वास घेतो, मग शब्द पुरे करतो. त्यानंतर कार्यक्रमवाले अजून एक वाजव म्हणाले तर तो वाजवायला परत आला नाही. पाच महिन्यांत तो गेला. तो श्वास कुणी कापला असता तर? ही कॅसेट आमच्या गायकाकडंच होती, त्यानंच मला पहिल्यांदा ऐकवली होती, म्हणून मला त्याचं जास्त लागलं.

लाइव्ह अल्बम म्हणून विकायचं आणि मागनं स्टुडिओत बसून सूर दुरुस्त करायचे ही माझ्या मते सरळ फसवणूक आहे. लाइव्ह कशाला ऐकायचं असं विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की आमच्या कोल्हापुरात शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादियाखाँसाहेब गायले, जयपूर-अत्रौली घराणं त्यांनी उभं केलं, त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांचा आवाज १९७७ ला व्हॉयेजर यानातून अंतराळात गेला, आणि स्वतः खाँसाहेबांचं एकही रेकॉर्डिंग नाही. एकही नाही. खरखर असती, अर्धवट असतं, तरी चाललं असतं ना? आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये इथलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा मला पहिला विचार हाच आला की तिथल्या किती रात्री कुणाच्या तरी कपाटात टेपवर असतील आणि कितींच्या नसतील.

कुठून सुरू करू म्हणालात तर 'टेंपल ऑफ द डॉग', 'जुनून' आणि निर्वाणाचं अनप्लग्ड, वर सांगितलेलीच. मॅड सीझन, म्हणजे वेगवेगळ्या बँडातल्यांनी मिळून काढलेला साइड प्रोजेक्ट, त्यांचं १९९५ चं सिॲटलच्या मूर थिएटरमधलं लाइव्ह ऐका, गायक लेन स्टेलीसाठी. रेडिओहेडचा २००१ चा 'आय माइट बी राँग' हा लाइव्ह अल्बम पण, त्यात 'ट्रू लव्ह वेट्स' नुसत्या गिटारवर आहे, ते गाणं ते १९९५ पासून वाजवत होते आणि स्टुडिओतलं यायला २०१६ उजाडलं, म्हणजे तोवर लाइव्ह हेच गाणं होतं. पर्ल जॅमनं २००० च्या टूरचे एकेक शो असे ७२ अल्बम काढले, लोक चोरून केलेल्या भिकार रेकॉर्डिंगला भरमसाट पैसे मोजत होते म्हणून. ते सगळे ऐकायची गरज नाही, दोन-तीन पुरेत.

एक गोष्ट मान्य करायला हवी. कधी कधी साइड प्रोजेक्ट ही खरंच आतल्या भांडणाची खूण असते. पिक्सीज या अमेरिकन बँडमध्ये बेस वाजवणाऱ्या किम डीलची गाणी मागं पडायला लागली, तिनं ब्रीडर्स हा दुसरा बँड काढला, १९९० ला त्यांचा 'पॉड' आला, आणि १९९३ ला पिक्सीज संपल्याचं तिला फॅक्सनं कळलं. पण तिथंही बिघडलं ते बोलणं बंद झाल्यामुळं. मीही माझ्या गायकाला हलगीचं आधी स्वतः सांगायला हवं होतं, तेवढी चूक माझी. तुमच्या गिटारिस्टनं तुम्हाला सांगून केलंय का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. सांगून केलं असेल तर त्याच्या रेकॉर्डिंगला जाऊन बसा, शक्य असेल तर टाळ्या धरा.

आणि आमचा गायक हे वाचत असेल तर, भावा, ती टेप मी गेल्या वर्षी कॉम्प्युटरवर घेतलीय. नंबर तोच आहे माझा, मागशील तेव्हा पाठवतो. शेवटची ओळ मात्र कापलेली नाही.