आजीच्या ट्रंकेतल्या पत्रिका

चि. सोनुलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या आईचा फोन आला. आधी पावसापाण्याचं बोलून झालं, मग आवाज खाली गेला. "ताई, अर्थशास्त्राला जागा होती तरी हिने समाजशास्त्र घेतलं. त्यात पुढे काय असतं गं?" तेहतीस वर्षं हाच विषय शिकवून निवृत्त झालेल्या बहिणीला हे विचारायला धीर लागतो. तो तुझ्या आईत पहिल्यापासून आहे. मी सांगितलं की सर्वेक्षणाची कामं असतात, ग्रामविकासाच्या संस्था असतात, पत्रकारिता आहे, शिक्षकी आहे, यूपीएससीला वैकल्पिक विषय म्हणून हा घेणारी मुलं ढिगाने आहेत. तिचं समाधान झालं असावं, कारण नंतर लोणच्याचा विषय निघाला.

तुला मात्र नोकरीबद्दल लिहीत नाहीये. तू काय निवडलंयस, त्याबद्दल लिहितेय.

रसायनशास्त्राच्या पहिल्या तासाला कोणी "मला हे येतं" म्हणत बसत नाही. आमच्या वर्गात सगळेच म्हणतात. कुटुंब, लग्न, जात, शेजार, सगळं घरी रोज बघितलेलं. "त्यात काय शिकायचं, मॅडम?" असं तोंडावर म्हणणारी मुलं मला आवडायची, बाकीची नुसती मनात म्हणायची. आपल्याकडे तर म्हणच आहे, घरोघरी मातीच्या चुली. म्हण म्हटली की बोलणं संपतं, लोक उठून कामाला लागतात. तू उठू नकोस. सगळ्या घरांत चूल मातीचीच का, ती कोणी सारवायची, तिच्यापुढे कोण बसतं आणि कोण पाटावर बसून वाट बघतं, हे विचारायला लागलीस की तुझा पहिला तास सुरू झाला.

लोकलमधली तुझी फजिती आईने सांगितली. एका बाईने "कुठे उतरणार?" विचारलं आणि तू बिचारी कुर्ल्याला उतरून मैत्रिणीकडे जाणार, तिथून हॉस्टेलवर, असा अख्खा कार्यक्रम सांगितलास! तिला फक्त तुझी जागा हवी होती. आता कळलंच असेल की तो प्रश्न म्हणजे नंबर लावणं. एकदा लागलेला नंबर दुसरी कोणी मोडू पाहिली तर सगळा डबा साक्षीला उभा राहतो. चौथ्या सीटचंही तसंच. बाक तिघांचा, पण गर्दीत चौथीला टेकायला जागा द्यायची, ती अर्धी बाहेर लटकली तरी चालेल. हे रेल्वेच्या कुठल्या पाटीवर लिहिलेलं नाही. तरी एखादीला "सरकणार नाही" म्हणून बघ, पुढच्या स्टेशनपर्यंत नजरांनीच तुझी सालं काढतील. याला पुस्तकात सामाजिक नियंत्रण म्हणतात. परीक्षेत व्याख्या लिही, पण लिहिताना त्या नजरा आठव.

गारफिंकेल नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने आपल्या विद्यार्थ्यांना सांगितलं होतं, घरी जाऊन थोडा वेळ पाहुण्यासारखे, भाडेकरूसारखे वागा. विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही, अदबीने बोलायचं. घरचे गोंधळले, काही चिडले, पोर आजारी आहे का म्हणाले. रोजचा सलगीचा व्यवहार किती न बोललेल्या करारांवर उभा असतो, हे तो करार मोडल्यावरच दिसतं. तू घरी आलीस की हा प्रयोग करू नकोस. आईला आधीच काळजी आहे.

तुझ्यासाठी माझ्याकडे वेगळा उद्योग आहे. आजीची पत्र्याची ट्रंक माळ्यावर आहे ना? तिच्या तळाशी लग्नपत्रिकांचा गठ्ठा आहे. तुझी आजी एकही पत्रिका टाकत नसे, हळदीकुंकू लागलेला कागद रद्दीत द्यायचा नसतो म्हणून. त्या श्रद्धेमुळे आपल्या घरात आयतं दप्तर तयार झालंय. दिवाळीला आलीस की तो गठ्ठा सालाप्रमाणे लाव आणि एकेक पत्रिका वाच. शोभा बघू नकोस, अक्षरं वाच.

सगळ्यात आधी वधूवरांच्या नावाआधीचं बघ. मुलाच्या मागे "चि.", मुलीच्या मागे "चि. सौ. कां.". तो चिरंजीव, म्हणजे त्याने पुष्कळ जगावं. तीही चिरंजीव, पण वर सौभाग्यकांक्षिणी. म्हणजे तिची इच्छा काय, हे छापखान्यातच ठरलेलं. त्याच्या नावामागे त्याची कसलीच कांक्षा नाही. दोन ठिपक्यांत केवढं कोंबलंय बघ! मी स्वतः अशी पत्रिका छापून घेतली, हौसेने मजकूर तपासला, आणि त्या "कां."कडे माझं लक्ष गेलं ते नोकरी लागल्यावर, वर्गात कोणीतरी विचारलं तेव्हा.

मग निमंत्रक कोण ते बघ. जुन्या पत्रिकांत नुसते वडील, काका, आजोबा. आया कधीपासून दिसायला लागतात? त्यांचं स्वतःचं नाव येतं की "सौ. व श्री." एवढंच? पदव्या कधी आल्या, आधी मुलाच्या की मुलीच्या? नोकरीचं गाव कधी छापायला लागले? "आहेर आणू नये" ही ओळ कधीची, आणि ती कोणत्या घरांनी लिहिली? भावकीची यादी कुठे वाढते, कुठे गळते? अलीकडच्या पत्रिकांत पुढाऱ्यांची नावं आणि फोटो येतात, ते कोणाच्या पत्रिकेत येतात, कोणाच्या नाही? "आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं" लिहिणारी चिंगी-पिंट्या मंडळी तेवढी कायम असतात. त्यांच्यावरही कोणीतरी लिहायला हवं.

शेवटी वहीत दोन रकाने पाड. एकात मुलाकडचं आडनाव, दुसऱ्यात मुलीकडचं. आणि आजीला विचार, ही दोन्ही घरं एकाच जातीतली का? आजी सांगेल. आजीला सगळं माहीत असतं.

हा रकाना मी उगीच पाडायला सांगत नाही. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी एका चर्चासत्रात निबंध वाचला, भारतातल्या जातींवर. तोवर अनेक पंडितांनी जातीची लक्षणं सांगितली होती, विटाळ, धंदा, रोटीव्यवहार वगैरे. बाबासाहेबांनी त्यातली एकच गोष्ट मुळाशी धरली: लग्न जातीच्या आतच करणं. पुढचा विचार तर हिशेबासारखा चालतो. जातीच्या आतच लग्नं लावायची तर बायका-पुरुषांची संख्या जुळती ठेवावी लागते. नवरा मेला की एक बाई जास्त होते. तिला जाळा, नाहीतर जन्मभर विधवा ठेवा. बायको मेली की एक पुरुष जास्त होतो. त्याला जाळत नाहीत, त्याला अजून वयात न आलेल्या मुलींतून बायको देतात. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या तीन रूढी आपण वेगवेगळ्या धड्यांत शिकतो. त्यांनी त्या एकाच कुलपाच्या किल्ल्या म्हणून दाखवल्या. आता पुन्हा "सौ. कां." वाच. तो शब्द मला तेव्हापासून निरागस वाटत नाही.

शंभर वर्षांनी काय झालं म्हणशील, तर २०११-१२च्या देशव्यापी मानवी विकास सर्वेक्षणात जातीबाहेर लग्न झाल्याचं सांगणारी जोडपी शंभरात पाचच्या आसपास निघाली. तुझ्या हॉस्टेलवर "आता जात कोण बघतं" म्हणणाऱ्या मैत्रिणी भेटतील. त्या खोटं बोलत नसतात. डब्यात, वर्गात, सिनेमाला त्या खरंच बघत नाहीत. पत्रिका छापायची वेळ आली की बघितलं जातं. माणसं काय सांगतात आणि आकडे काय सांगतात, यातली फट आपल्या विषयाची जमीन आहे. लोकांना खोटं पाडायला त्या फटीत शिरू नकोस, नाहीतर पुढच्या घरी दार उघडणार नाहीत.

आकड्यांवरून माझी एक चूक सांगते. एम.ए.ला असताना आम्हाला एका दुष्काळी गावात सर्वेक्षणाला नेलं होतं. छापील तक्ता, त्यात व्यवसायाचा रकाना. मी एका बाईला विचारलं, "काम काय करता?" ती म्हणाली, "काय नाय, घरीच असते." मी रकान्यात "नाही" लिहून पुढच्या घरी गेले. संध्याकाळी आमच्या प्राध्यापक बाईंनी तक्ते तपासले, मला काही आठवतंय का विचारलं, कुठे भेटली, काय करत होती. मी म्हटलं, वाटेतच भेटली, डोक्यावर वैरणीचा भारा होता. बाई काहीच बोलल्या नाहीत, तक्ता माझ्याकडे सरकवला. तिने स्वतःच आपल्या कामाला काम म्हटलं नव्हतं हे खरं, पण भारा मला दिसत होता ना!

पुढे २०१९ मध्ये केंद्राच्या सांख्यिकी खात्याने देशभर लोकांचा दिवस कसा जातो ते मोजलं. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. आणि शंभर बायकांत हे काम करणाऱ्या ८१ होत्या, शंभर पुरुषांत २६. हे वाचलं तेव्हा मला ती वैरणवाली आठवली. प्रश्न नीट विचारला की उत्तर मिळतं. "काम करता का?" विचारू नये. "काल सकाळी उठल्यापासून काय काय केलं?" असं विचारावं.

नावं आणि सिद्धांत वर्गात शिकवतीलच. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ राईट मिल्स येईल, १९५९ सालच्या पुस्तकातला. माणसाची खाजगी अडचण आणि समाजाचा प्रश्न यांतला धागा ओळखा, असं त्याचं म्हणणं. तू राहतेस त्याच शहरात ते सगळ्यांनी पाहिलंय. एक गिरणी कामगार घरी बसला तर शेजारी त्याच्या दारूवर घसरतात. १८ जानेवारी १९८२ पासून अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले आणि बहुतेक परतलेच नाहीत, तेव्हा ते दारूने समजावता येत नाही. सुट्टीच्या दिवशी लालबाग-परळला चालत जा, मॉलच्या मागे गिरण्यांच्या चिमण्या शोध.

आणि तू आहेस त्या मुंबई विद्यापीठाची आठवण ठेव. समाजशास्त्राचा विभाग तिथे १९१९ मध्ये सुरू झाला. पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस, मूळचे जीवशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार. १९२४ पासून घुर्ये, आपल्या मालवणचे, मूळचे संस्कृतचे. इरावती कर्वे त्यांच्याच विद्यार्थिनी. इरावतीबाई दिंडीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या होत्या. अभंग एकत्र, चालणं एकत्र, आणि पंगती जातीप्रमाणे वेगळ्या, हे त्यांना खुपलं आणि त्यांनी ते लिहिलं. दुसऱ्या पंगतीत जाऊन जेवल्यावर तिथल्या बायका कशा मोकळ्या झाल्या, तेही लिहिलं. त्या लेखात त्या वारकरी आहेत आणि अभ्यासकही. दोन्ही एकाच वेळी जमतं का, असं मुलं मला विचारायची. मला कधीच पूर्ण जमलं नाही. स्वतःच्या घराकडे बघताना हात आखडतो. "आपल्यात तसलं काही नाही" हे वाक्य मी आपल्याच माजघरात ऐकत वाढले. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४ झाल्या, बीडमध्ये तर ८०७. इतक्या मुली कुठल्या तरी घरांतूनच कमी झाल्या असणार, आणि त्या सगळ्या घरांत हेच वाक्य बोललं जात असणार.

नोट्सच्या झेरॉक्स आणि "अपेक्षित" यांच्या नादी पहिल्या वर्षी तरी लागू नकोस. तिसऱ्या सेमिस्टरला लागशीलच, सगळेच लागतात. एक साधी वही कर. त्यात रोज एकच बघितलेली गोष्ट लिही. मत लिहू नकोस, बघितलेलं लिही. कोण बसलं, कोण उभं राहिलं, कोणी कोणाला "अहो" म्हटलं आणि कोणी "ए". मतं आपोआप येतात, त्यांना बोलवावं लागत नाही.

दिवाळीला ट्रंक उघडशील तेव्हा मला बोलाव. साताऱ्याहून एसटीने येते.

तुझी
मावशी

ता. क. गठ्ठ्यात माझ्या लग्नाची पत्रिका असेल, पिवळी, गणपतीचा ठसा थोडा फिसकटलेला. निमंत्रकांत तुझ्या आजीचं नाव आहे का तेवढं आधी बघ आणि फोनवर सांग. चार दिवस झाले, आठवतेय, आठवत नाही.