वाचकांचे प्रश्न : एसव्हीडी संघ, व्रतं आणि परदेशातले पैसे

प्रश्न : भाचा बारावीनंतर एसव्हीडी संघात जायचं म्हणतो. किती वर्षं लागतात? परदेशी जावंच लागतं का? – एक वाचक, वसई

उत्तर : एसव्हीडी म्हणजे ‘सोसायटी ऑफ द डिव्हाइन वर्ड’ हा कॅथलिक मिशनरी संघ. त्यात धर्मगुरू व्हायला बारावीनंतर दहा-बारा वर्षं धरून चाला. आधी बाप्तिस्मा आणि दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा, श्रद्धा पक्की करणारा संस्कार) यांचे दाखले लागतात. घरात जपून ठेवलेला जुना दाखला नको, धर्मग्रामातून, म्हणजे बाप्तिस्मा झाला त्या चर्चमधून, ताजा काढा. लग्नाची किंवा अखेरच्या व्रतांची नोंद बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात त्याच नावापुढे होते. उमेदवार मोकळा आहे का, हे ताज्या दाखल्यावरच दिसतं.

नोव्हिशिएटला, म्हणजे व्रतं घेण्याआधीच्या उमेदवारीच्या काळाला, 17 वर्षं पूर्ण हवीत. ते किमान 12 महिन्यांचं असतं आणि घरचे घोळ घालतात ते इथेच. आज लग्न, उद्या आजीचं आजारपण, म्हणून मुलाला सारखं बोलावतात. गैरहजेरी 15 दिवसांवर गेली की भरून काढावी लागते. सगळी मिळून तीन महिन्यांवर गेली तर नोव्हिशिएटच बाद. त्यानंतर दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही व्रतं आधी मुदतीची, निदान तीन वर्षं. मुदत संपली की मुलगा सरळ घरी येऊ शकतो, त्यात कमीपणा नाही. तत्त्वज्ञान व ईशज्ञान (धर्मशास्त्र) यांचं शिक्षण मिळून सहा वर्षं, ती वेगळी.

परदेशाचं म्हणाल, तर जर्मन धर्मगुरू आर्नोल्ड यान्सेन यांनी 1875 मध्ये हॉलंडमधल्या श्टाइल गावी संघ काढला तोच मिशनसाठी. हॉलंडमध्ये अशासाठी, की बिस्मार्कच्या जर्मनीत तेव्हा चर्चवर बंधनं होती. 1879 मध्ये संघाचे पहिले दोघे मिशनरी चीनला निघाले. 1932 मध्ये संघ इंदूरला आला. आता पापुआ न्यू गिनी, घाना इथे भारतातूनही फादर जातात. पसंती विचारतात, शेवटचा शब्द रोममधल्या संघप्रमुखांचा. बरेच जण भारतातच नेमले जातात. पण ‘आमच्याला पुण्यातच ठेवा’ अशी पत्रं पालकांनी लिहू नयेत.

प्रश्न : मिशन रविवारच्या पाकिटावर ‘एसव्हीडीसाठी’ लिहिलं तर? – एक वाचक, नालासोपारा

उत्तर : उपयोग नाही. मिशन रविवार म्हणजे ऑक्टोबरातला शेवटून दुसरा रविवार. त्या दिवशीची चर्चमधली वर्गणी धर्मप्रांतामार्फत पोपसाहेबांच्या जागतिक मिशन निधीत जाते. संघाला द्यायचं तर थेट संघाकडे द्या.

प्रश्न : मुलगा दुबईत, भाऊ कॅनडाचा नागरिक. दोघांना संघाच्या शाळेला पैसे द्यायचेत. – एक वाचक, विरार

उत्तर : दोघांचे मार्ग वेगळे. मुलाचा पासपोर्ट भारतीय असेल तर बँकेतून पाठवलेली त्याची बचत विदेशी देणगी ठरत नाही. पासपोर्टची प्रत सोबत द्यावी. भाऊ मात्र ओसीआय (मूळ भारतीयांना मिळणारं) कार्ड असलं तरी विदेशी. त्याचे पैसे एफसीआरए (विदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेनेच घ्यायचे, तेही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात. शाळेच्या गावातल्या खात्यावर टाकले तर कायदा मोडतो आणि संस्थेची नोंदणी धोक्यात येते. शाळा वेगळ्या ट्रस्टची असेल तर आणखी अडचण: विदेशी देणगी एका संस्थेने दुसरीला देणं 2020 पासून बंद आहे. म्हणून खातं कोणाच्या नावावर आहे, ते आधी लेखी मागवा.