पाच सूत म्हणजे किती?

प्रश्न : ताई, माझा मुलगा सातवीत आहे. पुढच्या प्रवेश परीक्षांसाठी आतापासून फाउंडेशनचा क्लास लावलाय. पण शाळेने दप्तराविना दिवस ठेवले, मुलांना कारागिरांकडे पाठवलं, आणि तेव्हापासून हा रोज संध्याकाळी सुताराच्या दुकानात. तान्ह्या पोळ्याला पोरं मिरवतात तो चाकांचा लाकडी बैल स्वतःच करणार म्हणतो. गणिताचे गुण घसरलेत. सर्वांगीण शिक्षण ऐकायला बरं वाटतं, पण पोरगा मागे पडला तर?
— एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर : तुमची काळजी मला कळते. एकतीस वर्षं गणित शिकवलं, त्यातली बरीच वर्षं मीही असंच बोलले असते.

माझ्या वर्गात एका सुताराचा मुलगा होता. चाचणीत त्याने 3/8 आणि 1/4 ची बेरीज 4/12 लिहिली. मी लाल फुली मारली. पुढे महिनाभराने त्याच्या वडिलांकडे चौरंग करायला टाकला. पोरगा पट्टी धरून मला सांगतो, "मॅडम, इथं तीन सूत, इथं पाव इंच, मिळून पाच सूत काढा लागते." सुताराच्या इंचात आठ सूत असतात. म्हणजे उत्तर 5/8, अगदी बरोबर! ते त्याच्या हातात होतं, माझ्या फळ्यापर्यंत पोचलंच नव्हतं. त्या फुलीचं मला अजून वाईट वाटतं.

हे काही नवं खूळ नाही. आपल्या शेजारी वर्ध्याला ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने हस्तोद्योगाभोवती शिक्षणाची योजना आखली, तीच नई तालीम. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना सांगितलेत, त्यात सुताराचं नाव आहे.

क्लास सोडा असं मी म्हणणार नाही. पण दुकानही सोडवू नका. आधी त्याच्या गणिताच्या चाचण्यांचे पेपर काढा आणि गुण नेमके कुठे गेले ते बघा. मग संध्याकाळ अभ्यासाला, शनिवार-रविवार दुकानाला. बैलाचं चित्र मापासकट वहीत काढायला लावा : पाय किती सुताचा, चाकाच्या एका फेऱ्यात बैल किती इंच पुढे जाईल, लाकडाचा खर्च किती. मुख्य म्हणजे गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावल्यावर कोन चुकलेला दिसला, की तो काय करतो ते बघा. चिडतो, की पुन्हा रंधा मारतो? हे कुठल्याही गुणपत्रिकेत कळत नाही, आणि मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

त्या सुतारकाकांना एकदा घरी चहाला बोलवा. मुलासमोर त्यांना 'सर' म्हणा.

आणि तान्ह्या पोळ्याला बैल घेऊन त्याला माझ्याकडे नक्की पाठवा. त्याचा बोजारा, म्हणजे बैल आणणाऱ्या पोराची बक्षिसी, काढून ठेवते.