अंगमेहनत काहीच नाही तरी नुसत्या टेन्शनने माणूस एवढा थकतो कसा?

तुम्ही लिहिलंय की काम खुर्चीत बसून, जेवण वेळेवर, रिपोर्ट नॉर्मल, तरी संध्याकाळी अंगात त्राण उरत नाही आणि घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत. मी बायोकेमिस्ट्री शिकवते, म्हणून आधी हेच सांगते की हा थकवा अगदी खरा असतो, त्याला आळस म्हणू देऊ नका.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण आपण नुसते बसलेलो असताना जी एनर्जी खर्च होते त्यातली साधारण 20 टक्के एकटा मेंदू खातो. ही एनर्जी म्हणजे एटीपी नावाचं रसायन, ते पेशीतल्या मायटोकाँड्रिया नावाच्या छोट्या कारखान्यांत तयार होतं आणि मेंदूकडे त्याचा साठा फारच थोडा असतो, लागेल तसं बनवत राहावं लागतं.

टेन्शन आलं की अ‍ॅड्रेनल ग्रंथीतून कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन सुटतं, रक्तातली साखर वाढते. यात वाईट काही नाही, सकाळी उठतानाही ते वाढतंच. एरवी हेच कॉर्टिसॉल मेंदूत पोचून 'आता पुरे, अजून सोडू नका' असा ब्रेकचा निरोप देतं. हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणींशी संबंधित भाग, त्यात हे हार्मोन जाऊन चिकटतं हे ब्रूस मॅकइवेन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1968 मध्ये उंदरांवर दाखवलं. पण टेन्शन महिनोनमहिने चाललं तर गडबड होते, उंदरांमध्ये त्याच हिप्पोकॅम्पसमधल्या न्यूरॉन्सच्या, म्हणजे मेंदूच्या पेशींच्या, फांद्या आखडतात आणि भीतीशी जोडलेल्या अमिग्डालातल्या उलट वाढतात, म्हणजे ब्रेक ढिला आणि गाडी चालूच. शिवाय लॅबमध्ये उंदरांच्या न्यूरॉन्सना हे हार्मोन थोडा वेळ दिलं तर मायटोकाँड्रिया जोरात चालतात, जास्त डोस बराच वेळ दिला की मंदावतात.

त्यात झोप बिघडते. जागेपणी मेंदूत झोपेची गुंगी आणणारं रसायन म्हणजे अ‍ॅडेनोसिन साठतं, झोपेत ते कमी होतं, झोपच नीट नाही तर सकाळपासूनच जड वाटणार. चहा-कॉफी अ‍ॅडेनोसिनचा सिग्नल तेवढा अडवते, एनर्जी देत नाही, म्हणून संध्याकाळचा चहा तरी बंद करा बाई.

'अ‍ॅड्रेनल फटीग'च्या नावाने विकतात त्या गोळ्यांवर पैसे घालवू नका, एंडोक्राइनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचे डॉक्टर, 'ग्रंथी थकली' असं निदान मानतच नाहीत. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-12 होतं का ते बघा, नसेल तर करून घ्या. रोज भरभर चाला, नियमित व्यायामाने स्नायूंमधले मायटोकाँड्रिया खरंच वाढतात. आणि उंदरांमध्ये ताण थांबल्यावर हिप्पोकॅम्पसमधल्या त्या आखडलेल्या फांद्या परत वाढल्यात, त्यामुळे आता कायमचं असंच राहणार असं मनात धरू नका. दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल तर मात्र सरळ सायकियाट्रिस्टना भेटा.