स्टीअरिंगचा पाइप गळतोय : क्लॅम्प मारू की नवा प्रेस करून घेऊ?

प्रश्न : आमच्याकडे २००४ची अ‍ॅक्सेंट आहे. पॉवर स्टीअरिंगचं ऑइल सारखं कमी होतं, गाडीखाली तेलाचा डाग पडतो. गॅरेजवाले म्हणतात, पाइप खराब जागी कापून मध्ये नळीचा तुकडा घालू आणि दोन क्लॅम्प मारू. नवा पाइप मिळत नाहीये. क्लॅम्प टिकेल का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : आधी कोणता पाइप गळतोय ते बघा. ऑइलच्या डबीतून पंपाकडे जाणारी सक्शन नळी आणि रॅककडून (चाकं वळवणारा स्टीअरिंगचा भाग) डबीत परत येणारी रिटर्न नळी, या दोन्हींत दाब किरकोळ असतो. त्या मुळातच क्लॅम्पवर बसतात. पंपाकडून रॅककडे जाणाऱ्या पाइपात मात्र स्टीअरिंग टोकापर्यंत वळवून धरलं की ८० ते १०० बारपर्यंत दाब चढू शकतो. टायरमध्ये आपण सव्वादोन बारच्या आसपास हवा भरतो. या दाबाच्या पाइपावर क्लॅम्प मारूच नका. नळी निसटून ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर उडालं तर पेट घेऊ शकतं.

गळती शोधताना वरून ओला दिसणारा भाग फसवतो, कारण तेल पाइपावरून ओघळत लांब जातं. डिग्रीझरने सगळं धुऊन कोरडं करा, इंजिन चालू ठेवून कुणाला तरी स्टीअरिंग दोन्हीकडे वळवायला सांगा (टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नये, पंप तापतो) आणि टॉर्च मारून बघा. रबर जिथे धातूच्या फेरूलमध्ये (टोकाला दाबून बसवलेली टोपी) शिरतं, त्या काठावर थेंब जमत असेल तर पाइप गेला. बँजो बोल्टपाशी (पाइप जोडणारा, आतून पोकळ बोल्ट) ओल असेल तर पाइप शाबूत असू शकतो. दोन्ही तांब्याचे वॉशर नवे घाला. जुने वॉशर दबून कडक झालेले असतात, बोल्ट कितीही आवळला तरी झिरपतात. रॅकच्या रबरी बुटात तेल साठलं असेल तर दोष रॅकच्या सीलचा. पाइप बदलून पैसे वाया जातील.

पाइपच गेला असेल तर अंबड किंवा सातपूर एमआयडीसीच्या बाजूला हायड्रॉलिक होज (दाबाचा रबरी पाइप) प्रेस करून, म्हणजे टोकं मशीनने दाबून बसवून देणारे शोधा. जुनी धातूची टोकं ठेवून मधलं रबर बदलता येतं. काढण्यापूर्वी पाइपाचा फोटो घ्या आणि कापण्यापूर्वी दोन्ही टोकांवर रंगाची एक सरळ रेघ मारा. टोकांचा एकमेकांशी असलेला कोन चुकला की बसवताना पाइप पिळला जातो आणि पुन्हा फेरूलपाशीच फाटतो. लांबीही तेवढीच हवी. होज पॉवर स्टीअरिंगचाच मागा. जेसीबीचा तारेचा होज दाब सहज सोसतो, पण फुगत नाही. पंपाचे ठोके तो गिळत नाही आणि स्टीअरिंगमध्ये घरघर येते. रिटर्नला रेडिएटरचा पाइप लावणारेही भेटतील. ते रबर तेलाने फुगून मऊ पडतं, नको.

बसवल्यावर डबी भरा. ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच, एक लिटर हाताशी असू द्या. पुढची चाकं जॅकवर उचलून स्टँड लावा. इंजिन बंद ठेवूनच स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत १५-२० वेळा सावकाश फिरवा, पातळी उतरेल तसं ऑइल घालत राहा. बुडबुडे थांबले की मगच इंजिन चालू करा.

प्रश्न : पाइप बदलला, गळती थांबली, पण वळताना पंप ओरडतो आणि डबीत फेस येतो.
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : हवा शिरतेय. सक्शन नळीचा क्लॅम्प आणि ओ-रिंग बदला. या नळीत ओढ असते, त्यामुळे बाहेर थेंबही न सांडता ती हवा आत घेते. फेस बसेपर्यंत गाडी तासभर उभी ठेवा आणि वरच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे पुन्हा इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग फिरवून हवा काढा. तसंच ओरडणारं चालवत राहिलात तर पंपाचाही खर्च येईल.